पहिली सर्व्हिसिंग ‘मोफत’, बिल १,०६२ रुपये : आपापले अनुभव लिहा

कृष्णाकाठ :
परवा लेकीची नवी मोटारसायकल पहिल्या सर्व्हिसिंगला दिली होती. संध्याकाळी गाडीबरोबर जे बिल हाती आले, त्यात मजुरीच्या रकान्यात ठळक शून्य होते आणि तळाशी १,०६२ रुपये. इंजिन ऑइल ३९०, ड्रेन बोल्टचा वॉशर १२, ग्रीस आणि इतर किरकोळ ७०, चेन धुऊन वंगण मारण्याचे १५०, पॉलिश १८० आणि ‘इंजिन ट्रीटमेंट’ नावाच्या बोटभर बाटलीचे २६०. शेवटच्या दोन गोष्टी आम्ही मागितल्या नव्हत्या. विचारले तर, ‘सगळेच घेतात, सर,’ असे उत्तर मिळाले. आत जाऊन काम पाहू का म्हटले, तर ग्राहकांना आत सोडत नाहीत म्हणून काचेपलीकडच्या सोफ्याकडे बोट दाखवण्यात आले.

त्या सोफ्यावर बसल्या बसल्या मला १९९७ सालची सांगली आठवली. वडिलांनी हीरो होंडा स्प्लेंडर घेतली होती आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या दिवशी त्यांना कचेरीतून रजा मिळेना, म्हणून आठवीतल्या मला शाळा बुडवून राखणीला बसवले होते. हुकूम असा की, काळे तेल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जागचे उठायचे नाही आणि नव्या डब्याचे सील आपल्यासमोर फोडायला लावायचे. मी चार तास स्टुलावर बसलो, फिटरने बोल्ट सोडला, आणि ट्रेमध्ये पडलेले तेल काळे नव्हतेच! पातळ मधासारखे होते. मी घरी येऊन सांगितले की आपल्याला फसवले, चांगले तेल काढून घेतले. वडील दुसऱ्या दिवशी तावातावाने भांडायला गेले आणि अर्ध्या तासात मुकाट परत आले. हिशेबाच्या वहीत त्यांनी त्या खर्चापुढे एवढेच लिहिले होते : ‘तेल बरोबर.’ तिथे काय झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही. तुमच्या नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगचे आणि पुढच्या देखभालीचे अनुभव इथे लिहा.

पाना बारा-तेरा :
तिथे काय झाले असेल ते मी सांगतो, कारण इचलकरंजीत अठ्ठावीस वर्षे गॅरेज चालवताना हे भांडण मी दर महिन्याला ऐकतो. फिटरने तुमच्या वडिलांच्या तळहातावर ते जुने तेल घेऊन उन्हात धरायला लावले असेल. त्यात चंदेरी धूळ दिसते. पहिल्या पाचशे-सातशे किलोमीटरमध्ये पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला आणि गिअरचे दाते एकमेकांना घासून जागेवर बसतात. आपल्याकडे ‘इंजिन मोकळे होणे’ म्हणतात ते हेच. त्या घासण्याचा कीस तेलात उतरतो, आणि म्हणूनच तेल रंगाने चांगले दिसत असले तरी ते बदलायचे असते. पुढच्या वेळी ते काळे निघेल, पण त्यात इतकी चमक नसेल. पहिल्या वेळचे तेल जितके महत्त्वाचे, तितके नंतरचे कोणतेही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिलाबद्दल म्हणाल तर तेल, वॉशर आणि ग्रीस हे ४७२ रुपये रास्त आहेत. चेनचे काम गरजेचे आहे, पण ते घरी निम्म्याहून कमी खर्चात होते. पॉलिश तुमच्या हौसेवर. त्या बाटलीची मात्र गरज नाही. आपल्या मोटारसायकलींमध्ये क्लचच्या प्लेट इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे तेलात घसरण वाढवणारे काही मिसळले तर क्लच सटकू लागतो. मोटारीचे तेल मोटारसायकलमध्ये घालू नका म्हणतात ते त्याच कारणाने. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ ही अशा क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण असावी आणि दर्जा पुस्तिकेत दिलेलाच असावा. तेलाच्या दाटपणाचा आकडा १०डब्ल्यू३० सांगितला असेल तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून २०डब्ल्यू५० घालू नये.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. टॅपेटचे, म्हणजे इंजिनाच्या झडपा आणि त्या दाबणाऱ्या भागातले, अंतर इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचे असते. तुम्ही दहा किलोमीटर चालवत गाडी नेता, तासाभरात ती तुम्हाला परत मिळते, आणि जॉब कार्डावर ‘टॅपेट तपासले’ अशी खूण असते. ते कसे तपासले, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून या.

लिंबूटिंबू :
आमच्या वडिलांनी नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवले, हँडलला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख विसरले. देखभालीतली श्रद्धेची बाजू आमच्याकडे भक्कम आहे.

समुद्रकाठी :
लिंबूटिंबू, तारखेचा विषय काढलात म्हणून लिहितो. मी मालवणजवळ राहतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेतली आणि मग असा पाऊस लागला की महिनाभर ती पडवीतच उभी होती. काटा १८० किलोमीटरवर. मी समजत होतो की पाचशे झाल्याशिवाय सर्व्हिसिंगला नेण्यात अर्थ नाही. चाळीस दिवसांनी नेली, तेव्हा कूपन बाद झाल्याचे सांगितले, कारण पुस्तिकेत ‘किलोमीटर किंवा दिवस, यांपैकी जे आधी’ असे छापलेले होते. मजुरीचे साडेतीनशे भरले. वर वॉरंटीचे काही झाले तर तुमची जबाबदारी, असेही ऐकून घेतले. चूक माझीच होती, पण विकताना कूपन फाडून दाखवण्याऐवजी हे एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवले असते, तर काय बिघडले असते?

किनाऱ्यावर पुस्तिकेतले वेळापत्रक तसेही पुरत नाही. खाऱ्या हवेने उघडी चेन चार दिवसांत तांबूस होते. मी दर रविवारी ती रॉकेलच्या बोळ्याने पुसतो, कोरडी करतो आणि नव्वद नंबरचे गिअर ऑइल ब्रशने आतल्या बाजूला लावतो. रात्री लावून ठेवले तर ते मुरते. लावून लगेच निघालात तर सगळे पॅंटवर येते. पावसाळ्यात गाडी धुणाऱ्याच्या जोराच्या फवाऱ्याने चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसते, हा धडा मी १,१०० रुपयांना शिकलो.

गोठ्यातून :
मी बीड जिल्ह्यातून लिहिते. आमच्या घरी मोटारसायकल हे हौसेचे नाही, दुधाचे वाहन आहे. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन आणि दिवसाला सत्तर किलोमीटर, त्यामुळे आमचे पाचशे किलोमीटर आठवडा व्हायच्या आतच भरले. शोरूमवाल्याला वाटले की काट्यात गडबड आहे. नवे इंजिन मोकळे होईपर्यंत जास्त ओझे लादू नये हे आम्हालाही ठाऊक होते, पण म्हशीला ते कोण समजावणार? पहिला आठवडा मालकांनी एकेकच कॅन नेला आणि दोन खेपा केल्या. पेट्रोल दुप्पट गेले, तरी इंजिन आजही धूर सोडत नाही.

खर्चाची वही माझ्याकडे असते. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर होतात. आमचा फिटर एवढ्या ओझ्याला दर तीन हजारांवर तेल बदलायला सांगतो, म्हणजे वर्षाला आठ वेळा, दर वेळी तेल आणि मजुरी मिळून साडेपाचशे धरले तर ४,४०० रुपये. वर्षातून एकदा चेन आणि दोन्ही दातेरी चक्रांचा संच बदलतो, मागचे ब्रेक लायनर दोनदा जातात, आणि मागचा टायर वर्षभरही टिकत नाही. एअर फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा आधीच मातीने गच्च होतो. सगळे मिळून देखभालीचा खर्च किलोमीटरला चाळीस पैशांच्या आसपास पडतो. हा आकडा डेअरीवर दुधाचा भाव ठरताना कोणी धरत नाही. मागच्या चाकात मी दोन माणसांसाठी दिलेला हवेचा आकडा भरायला लावते, कारण ऐंशी किलो दूध म्हणजे एक धष्टपुष्ट पाहुणाच मागे बसलेला असतो.

पाना बारा-तेरा :
ताई, तुमच्या वहीपुढे आमची जॉब कार्डे फिकी आहेत. फक्त एअर फिल्टर एकदा पाहून घ्या. कागदी फिल्टरला तेलाचा हात दिलेला असेल, तर तो हवा मारून साफ करायचा नसतो, थेट बदलायचा असतो. हवा मारली की कागदाची छिद्रे मोठी होतात आणि तुमची माती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

गोठ्यातून :
दर पंधरा दिवसांनी पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेत होतो. आजपासून बंद.

घाटवळण :
मी नाशिकला असतो आणि माझ्याकडे साडेतीनशे सीसीची रॉयल एनफिल्ड आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला, म्हणजे ५०० किलोमीटरला, दोन हजार तीनशे लागले. इंजिनात तेलच पावणेदोन लिटरच्या आसपास लागते, तेही अर्ध-सिंथेटिक, शिवाय ऑइल फिल्टर. शंभर सीसीवाल्या मित्रांनी आकडा ऐकून मला श्रीमंत ठरवले. मात्र पुस्तिकेप्रमाणे पुढचे तेल थेट दहा हजारांवर बदलायचे आहे, मध्ये फक्त पातळी बघायची. त्यामुळे पहिले बिल पाहून घाबरलेल्यांनी वर्षाचा हिशेब मांडावा, असे मी सुचवेन. पातळी बघताना गाडी बाजूच्या स्टँडवर नाही, सरळ उभी हवी. मी तीन महिने तिरक्या गाडीची पातळी बघून तेल कमी झाल्याची काळजी करीत होतो.

जुनी किक :
दहा हजार किलोमीटर एकाच तेलावर! आम्ही येझ्दीवाले. आमच्या काळी तेल बदलण्याचा प्रश्न वेगळाच होता, कारण टू-स्ट्रोक इंजिनात ते पेट्रोलबरोबर जळूनच जात असे. पंपावर आधी मापाने तेल ओतायचे, मग पेट्रोल, आणि मग गाडी कमरेपासून हलवायची. नव्या गाडीला सुरुवातीला तेल जरा हात सैल सोडून घालत, मग सायलेन्सरमध्ये काजळी धरे आणि तो काढून कॉस्टिक सोड्यात भिजवावा लागे. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर आमच्या पुण्याच्या वाड्यात अंगणात एवढा निळा धूर झाला होता की वरच्या आजींनी डास गेले म्हणून समाधान व्यक्त केले.

चार्जर :
आमच्या विजेवरच्या स्कूटरला तेलच नाही, त्यामुळे या धाग्यावर मी परका आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला ब्रेक, टायर आणि नटबोल्ट पाहिले, मोबाइलसारखे सॉफ्टवेअर अद्ययावत केले आणि १८० रुपये घेतले, त्यातले शंभर धुण्याचे होते.

जुनी किक :
म्हणजे शेवटी पाण्याचेच पैसे.

धुक्यातला मराठी :
इंग्लंडमधून लिहितो आहे. इथे पहिली सर्व्हिसिंग ६०० मैलांना, म्हणजे साधारण साडेनऊशे किलोमीटरला असते आणि मजुरी मोफत वगैरे काही नसते. मला १६० पौंड लागले, त्यातले निम्म्याहून अधिक मजुरीचे होते. घरी फोनवर सांगितले तर आई म्हणाली, ‘तेवढ्यात इकडे चार वर्षांचे भागले असते.’ इथे थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मालवणच्या दादांचा रविवारचा कार्यक्रम मी जसाच्या तसा करतो. फक्त रॉकेलच्या जागी इथला चेन क्लीनर असतो आणि पडवीच्या जागी शेजाऱ्याच्या नजरा.

समुद्रकाठी :
गाडीला मीठ लागले की मालवण काय नि इंग्लंड काय! पण फवाऱ्याने धुऊ नका हो.

लिंबूटिंबू :
पाना दादा, एक गंभीर प्रश्न. काढलेल्या तेलाचे तुम्ही काय करता? आमच्या गावात ते लोक मागून नेतात आणि कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात.

पाना बारा-तेरा :
मी पिंपात साठवतो आणि वापरलेले तेल विकत घेणारा महिन्याने येऊन नेतो. खांबांना फासणारे पुष्कळ आहेत, पण विहिरीच्या जवळपास तरी तसे करू नये. ते जमिनीत मुरले की पाण्यापर्यंत पोहोचते. गटारात ओतणाऱ्या गॅरेजवाल्यांशी माझे बोलणे बंद आहे.

कृष्णाकाठ :
सर्वांचे आभार. काल लेकीला घेऊन पुन्हा गेलो होतो. ट्रीटमेंटच्या बाटलीबद्दल विचारल्यावर आधी ती इंजिनात घातली आहे असे सांगण्यात आले. कधी आणि कोणी घातली हे विचारल्यावर जॉब कार्ड शोधायला गेलेला सुपरवायझर वीस मिनिटांनी २६० रुपये घेऊन आला. म्हणजे बाटली फुटलीच नव्हती. क्लच वाचला, याचाच आनंद अधिक आहे.

टॅपेटसाठी पुढच्या खेपेला गाडी रात्री ठेवून येऊ. चेनचे काम आता लेक घरीच करणार आहे, त्यासाठी तिने जुना दात घासण्याचा ब्रश आणि माझा एक चांगला बनियन ताब्यात घेतला आहे. गोठ्यातून ताईंची वही वाचून तिनेही वही घातली. पहिल्या पानावर तिने १,०६२ लिहून त्यातून २६० वजा केले आणि शेजारी ‘तेल पाहिले नाही’ असा शेरा मारला आहे.

गोठ्यातून :
तिला सांगा, तारखेसोबत काट्यावरचा आकडाही लिही. नाहीतर सहा महिन्यांनी काहीच कळत नाही.