पॉइंट कापा म्हणे! आधी कोणाचे कापणार ते सांगा

केळीगाडी, रावेर :
परवा इथे 'सिडनीकर अमळनेरी' यांनी लिहिलं की तिकडे प्रत्येक चुकीला लायसन्सवर दंडाचे पॉइंट चढतात, गाडी चालवताना मोबाइल हातात धरला की ५, आणि १३ झाले की लायसन्स बंद. "हेच आपल्याकडे लावा, मुंबई-आग्रा हायवे महिनाभरात सुतासारखा सरळ होईल." खाली टाळ्यांचा पाऊस. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातल्या निम्म्यांची गाडी घराबाहेर निघते ती दूध आणायला.

माझे दोन आयशर ट्रक आहेत, एमएच १९. ड्रायव्हर चार, आलटून पालटून. कॅमेऱ्याने फोटो काढला की चलन येतं माझ्या मोबाइलवर. फोटोत काय असतं? नंबर प्लेट. स्टेअरिंगवर कोण बसलंय ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही. मागच्या वर्षी तर एक चलन आलं, कारण : हेल्मेट नाही. ट्रकला! कोणाच्या तरी मोटरसायकलचा नंबर वाचताना एक आकडा चुकला असणार. ते मिटवायला मी तीन चकरा मारल्या. शेवटी पोरगा म्हणाला, बाबा भरून टाका, डिझेल त्याहून जास्त जळलं.

आता सांगा, पॉइंट कापायचे तर कोणाचे? माझे? मी पाच वर्षांत स्टेअरिंगला हात लावलेला नाही. तुमचं ते सिडनी सिडनीलाच राहू द्या.

सिडनीकर अमळनेरी :
आप्पा, माझी पोस्ट पूर्ण वाचली असती तर एवढी शाई वाचली असती. इथेही कॅमेऱ्याची नोटीस मालकालाच येते. मग गाडी कोण चालवत होतं ते मालकाने लिहून द्यायचं, पॉइंट त्याच्या लायसन्सवर जातात. कंपनीने नाव दिलं नाही तर दंड कित्येक पट. खोटं नाव दिलं तर तो वेगळा गुन्हा.

आणि न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, तुमच्या ड्रायव्हरचा विचार केलेला आहे बरं का. साध्या माणसाला तीन वर्षांत १३ पॉइंट, धंद्याने गाडी चालवणाऱ्याला १४. शिकाऊला फक्त ४. १३ ते १५ झाले तर ३ महिने बंद, २० किंवा जास्त झाले तर ५ महिने. शिवाय सुटकेची एक वाट असते : बारा महिने नीट वागेन असं लिहून द्यायचं, लायसन्स चालू राहतं. त्या बारा महिन्यांत २ पॉइंट जरी झाले तर बंदी दुप्पट. मी स्वतः ईस्टरच्या सुट्टीत सिग्नलला उभा असताना फोन हातात घेतला. मोठ्या सुट्ट्यांना इथे पॉइंट डबल. एका झटक्यात १०. तेव्हापासून फोन डिकीत असतो, बायकोला विचारा.

भुसावळचा पारा :
हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश. डोक्यावर हेल्मेट म्हणजे खापरावर मांडा भाजतात तसं डोकं भाजतं. सिडनीवाल्यांनी एक दिवस दुपारी दोनला भुसावळ ते वरणगाव हेल्मेट घालून यावं, मग पॉइंटचं बोलू.

वकीलताई, धुळे :
पारा साहेब, तुम्ही पॉइंटची वाट कशाला बघता? हेल्मेट नसेल तर आजच्या कायद्यातच दंडासोबत तीन महिने लायसन्सला अपात्रता लिहिलेली आहे. मोटर वाहन कायदा, कलम १९४ ड, २०१९ ची दुरुस्ती. ट्रिपल सीटलाही तीच शिक्षा. सगळ्यांना वाटतं दंड भरला की विषय संपला.

बाकी दोन्ही बाजूंना सांगते. आपल्याकडे पॉइंट नाहीत म्हणून लायसन्स जात नाही असं नाही. कलम १९ खाली आरटीओ लायसन्स ठरावीक काळ बंद किंवा कायमचं रद्द करू शकतो. वेग, धोकादायक चालवणं, दारू, शर्यत, हेल्मेट, ट्रिपल सीट, अँब्युलन्सला वाट न देणं यांसाठी पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात, ते कलम २०६. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवलं होतं : वेग, लाल सिग्नल, मालगाडीत ओव्हरलोड, मालगाडीत माणसं, दारू आणि मोबाइल, या सहांना किमान तीन महिने निलंबन.

फरक एवढाच की तिकडे बेरीज होते. आपल्याकडे एका चुकीत लायसन्स जाऊ शकतं आणि पन्नास चुकांतही राहू शकतं. दोन्ही एकाच तालुक्यात बघितलंय.

केळीगाडी :
ताई, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. कायदा आहे तोच चालत नाही, वर पॉइंटचं ओझं कशाला? हैदराबादला २०१७ मध्ये लावलेच ना पॉइंट, दोन वर्षांत १२ झाले की वर्षभर लायसन्स बंद. मग आमची गाडी महिन्याला दोन फेऱ्या हैदराबादला जाते, तिकडचा रस्ता सुतासारखा सरळ झालेला ड्रायव्हरने काही सांगितला नाही.

आणि नाव लिहून देण्याचं म्हणाल, तर इकडे पहिल्याच महिन्यात नावांचा बाजार भरेल. गावात म्हातारे पडलेत, लायसन्स आहे, गाडी चालवत नाहीत. पाचशे रुपयाला एक पॉइंट.

वकीलताई, धुळे :
तो बाजार इंग्लंडमध्ये पुढे मंत्री झालेल्या माणसानेच भरवला होता. ख्रिस ह्यून. २००३ मध्ये वेगात सापडला, पॉइंट बायकोने आपल्या नावावर घेतले. पुढे घटस्फोट झाला आणि तिनेच बिंग फोडलं. २०१३ मध्ये दोघांना आठ-आठ महिन्यांची कैद. तेव्हा पॉइंट विकणारा आपल्याकडेच जन्माला येतो असं समजू नका. पण तिकडे आत गेले, हे पण लिहा. आणि मालकाने ड्रायव्हरचं नाव सांगणं इथेही बंधनकारक आहे, कलम १३३. तुम्ही आजवर कितीदा सांगितलं आप्पा?

केळीगाडी :
मला कोणी विचारलंच नाही.

गुरुजी, पारोळा :
मी सहसा इथे लिहीत नाही. पण आप्पांचं "तुमचं सिडनी सिडनीला राहू द्या" वाचून राहवलं नाही.

२०१६, कापसाचा हंगाम. माझा धाकटा भाऊ एरंडोलहून रात्री मोटरसायकलवर येत होता. रस्त्यात कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे दिवा नाही, रेडियम नाही, गाठोडी दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली. खूण म्हणून चार दगड ठेवले होते. हेल्मेट होतं त्याच्या डोक्यावर, पारा साहेब. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा सोळा वर्षांचा, लायसन्स असण्याचा प्रश्नच नाही. मालकाने दुसऱ्याच माणसाला ड्रायव्हर म्हणून उभं केलं.

तुम्ही पॉइंट कोणाचे कापणार विचारता. मीही तेच विचारतो, वेगळ्या कारणाने.

भुसावळचा पारा :
गुरुजी, माफ करा. हेल्मेटचं मी थट्टेत बोललो होतो.

तापीकाठचा शेतकरी :
गुरुजींच्या दुःखात सहभागी. पण दर वेळी ट्रॉलीवाल्याला धरायचं हे बरोबर नाही. जिनिंगला दिवसा रांग लागते, नंबर येतो रात्री. शेतकरी काय हौसेने अंधारात निघतो? चारपदरी झाला तेव्हा बाजूचा रस्ता द्यायला हवा होता, दिला का सगळीकडे? आमचं शेत हायवेच्या पलीकडे. मधला कट बंद केल्यावर वळसा पडतो, म्हणून लोक उलट्या बाजूने येतात. आधी रस्ता नीट करा.

गुरुजी, पारोळा :
रेडियमची पट्टी लावायला सर्व्हिस रोड लागत नाही.

तापीकाठचा शेतकरी :
बोंडअळीने खाल्लं, भाव नाही, त्यात आता पट्ट्या लावा. शेतकऱ्याला सगळेच शिकवतात.

सिडनीकर अमळनेरी :
पट्टीचा खर्च एका शेवभाजीच्या ताटाएवढा असेल हो! हद्द झाली. माणूस मेलाय तिथे आणि तुम्ही भाव काय ते सांगताय.

तापीकाठचा शेतकरी :
तुम्ही तिथे बसून शेवभाजीचे भाव सांगू नका. एकदा या, कपाशी वेचा, मग बोला.

वकीलताई, धुळे :
भांडा, पण एक ऐकून भांडा. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला तर २०१९ पासून पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. कलम १९९ अ. गुरुजींच्या वेळी हे नव्हतं. पॉइंट पद्धत त्या पोराचं काहीच करू शकत नाही हे मात्र आप्पांचं खरं. ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याचं काय बंद करणार?

केळीगाडी :
चला, एक तरी मुद्दा पदरात पडला. तारीख लिहून ठेवतो.

शिरपूरना ड्रायव्हर :
सगळा बोली ऱ्हायनात, मालक बोलना, वकील बोलना, मास्तर बोलना. ड्रायव्हरले कोणी इचारं का?

मी एकवीस वर्षांपासून गाडी चालवतो. पळासनेरच्या पुढे बिजासनचा उतार, इकडे कन्नडचा घाट, डोळे झाकून सांगीन कुठलं वळण कसं आहे. ऑस्ट्रेलियात १४ पॉइंट देतात म्हणे धंदेवाल्याला. इथे मला एकच पुरला. मोबाइल. फोन कोणाचा होता? मालकाचा. "कुठं पोचला? अजून सोनगीरलाच? माल सडेल." दर अर्ध्या तासाने. उचला ते चलन, नही उचला ते शिव्या. तीन महिने लायसन्स बंद. मालकाने त्याच दिवशी दुसरा ड्रायव्हर बसवला. त्याचं काही गेलं नाही, ना पॉइंट ना पैसा. पोराची फी होती त्या महिन्यात.

आते बोला, आप्पा. तुम्ही ड्रायव्हरला किती फोन करता?

केळीगाडी :
केळी आहे दादा ती. घड कापल्यावर ती काय माझी वाट बघत थांबते का? मंडईला वेळेत नाही पोचली की भाव पाडून मागतात. फोन करावा लागतो.

सिडनीकर अमळनेरी :
हाच तर माझा मुद्दा होता. मोबाइलला ५ पॉइंट म्हणजे पहिल्या चुकीला रोजीरोटी जात नाही. दोनदा सापडला तरी १०, लायसन्स शाबूत. दादांना तिकडच्या पद्धतीत काम सोडावं लागलं नसतं. तुम्ही सगळे त्याला फास समजताय, ती ढील आहे.

केळीगाडी :
...आणि डबलवाल्या सुट्टीत सापडला असता तर? तुमचेच १० गेले ना एका दमात. पण बरं. ड्रायव्हरला एका चुकीत घरी बसवण्यापेक्षा मोजदाद बरी, एवढं मान्य. एवढंच. नाव चुकीचं आलं तर ते दुरुस्त कुठे करायचं याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, आणि ट्रकच्या हेल्मेटचे पैसे मला कोणी परत केलेले नाहीत.

भुसावळचा पारा :
आप्पा, ट्रकला हेल्मेट घेऊनच टाका. मोठ्या साइजचं.

गुरुजी, पारोळा :
आप्पा, तुमच्या शेताच्या ट्रॉलीला मागे रेडियम आहे का?

केळीगाडी :
एका ट्रॉलीला आहे. दुसरीचं निघालं, धुताना.

गुरुजी, पारोळा :
बरं.

केळीगाडी :
लावतो गुरुजी. बाजाराच्या दिवशी आणतो.

शिरपूरना ड्रायव्हर :
वकीलताई, एक विचारायचं होतं. अपील करता येतं का? गावातला एजंट म्हणतो तीस दिवस होऊन गेले, आता दहा हजार दे, बघतो.

वकीलताई, धुळे :
एजंटला एक रुपया देऊ नका. तीस दिवस मोजायचे ते ऑर्डर मिळाल्यापासून, ऑर्डरवरच्या तारखेपासून नाही. आणि निलंबनाआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. दिली होती का? ऑर्डर हातात कधी मिळाली? एक मात्र, तोवर गाडीवर बसू नका. लायसन्स बंद असताना चालवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड, तो वेगळा.

शिरपूरना ड्रायव्हर :
म्हणणं कोणी नाही इचारं. पाकीट घरी आलं तेव्हा मी इंदूरला होतो. पोराने सही करून घेतलं आणि दप्तरात ठेवलं. मला दाखवलं मागच्या सोमवारी.

वकीलताई, धुळे :
पाकीट फेकलं नाही ना? त्यावरचा टपालाचा शिक्का वाचता येतो का बघा. मिळाल्याची तारीख कोणती धरायची यावर वाद होईल, म्हणून एक दिवससुद्धा घालवू नका. ऑर्डर आणि पाकीट दोन्ही घेऊन उद्या सकाळी कोर्टाजवळ या, अकराच्या आत.