गिंपमध्ये प्रत्येक लेयरभोवतीची पारदर्शक जागा कशी कापायची? (गंजिफाचे पत्ते) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या नात्यातल्या एका घरी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा) जुना संच आहे. दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं, म्हणजे एकूण १२० गोल पत्ते. काही पानांवरची लाख सुटायला लागली आहे, म्हणून आहेत तोवर सगळ्यांचे नीट फोटो काढून ठेवायचं घरच्यांनी ठरवलं. एका रंगाची १२ पानं एका तक्त्यावर, चार-चारच्या तीन ओळींत मांडायची आणि छापून घरोघरी द्यायची, असा बेत आहे. मांडणीचं काम माझ्याकडे आलं आहे.

मी गिंप २.१० (फोटोंवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरते. १२ फोटो 'ओपन ॲज लेयर्स'ने एका फायलीत, एकेका थरावर म्हणजे लेयरवर घेतले, प्रत्येकाला अल्फा चॅनल (पिक्सेल किती पारदर्शक ते सांगणारा भाग) जोडला, इलिप्स सिलेक्टने पान निवडलं, सिलेक्शन उलटं केलं आणि डिलीट दाबलं. पानं सुरेख सुटी झाली. अडचण पुढची आहे. पान दिसतं गोल आणि लहान, पण लेयरची पिवळी तुटक चौकट अजून मूळ फोटोएवढीच, ४०००×३००० पिक्सेलची. अलाइन टूल त्या चौकटीच्या हिशेबाने पानं लावतं. फोटोत पान जरा डावीकडे असेल तर ओळीतही ते डावीकडेच सरकलेलं दिसतं. मत्स्याचा प्रधान आणि त्याच्या शेजारची दश्शी तर एकमेकांवर चढली आहेत.

'इमेज' मेनूतलं 'क्रॉप टू कंटेंट' करून पाहिलं, पण ते सगळ्या चित्राच्या कडा कापतं, एकेका लेयरच्या नाही. मला हवं ते असं: प्रत्येक लेयरची चौकट त्याच्या पानाला घट्ट बसावी, पान जागचं हलू नये, आणि शक्यतो सगळ्या लेयरना एकदम करता यावं. अजून नऊ रंग बाकी आहेत, म्हणून मुळातच योग्य रीत समजून घ्यायची आहे.

प्रतिसाद १

सुंदर काम हाती घेतलंय. फोटोंच्या मूळ फायली मात्र जशाच्या तशा वेगळ्या जपून ठेवा.

तुम्हाला हवी ती आज्ञा 'इमेज'मध्ये नाही, 'लेयर' मेनूत आहे. नाव तेच, 'क्रॉप टू कंटेंट'. जुन्या २.८ मध्ये तिलाच 'ऑटोक्रॉप लेयर' म्हणायचे. लेयर निवडा, आज्ञा द्या, चौकट आत येईल. पान कॅनव्हासवर जिथे आहे तिथेच राहतं. पान गोल असल्यामुळे घट्ट चौकटीचा मध्य आणि पानाचा मध्य एकच होतो, त्यामुळे अलाइन टूल आपोआप बरोबर चालेल.

याने फाइलही हलकी होते. कच्चा हिशेब करा: ४०००×३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका लेयरला सुमारे ४८ एमबी मेमरी. १२ लेयरचे ५७६. पान १२००×१२०० मध्ये बसत असेल तर तोच लेयर ६ एमबीच्या आत येतो.

फोटोशॉपवाल्यांसाठी: तिथलं 'ट्रिम' पूर्ण चित्र कापतं. लेयरची हद्द फोटोशॉप आतल्या पिक्सेलवरून स्वतःच धरतं, म्हणून हा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

मनापासून आभार! आठ पानं लगेच बसली. पण चार पानांची चौकट तसूभरही हलत नाही. गिंप म्हणतं की लेयर आधीच कापलेला आहे. डोळ्यांना तर पानाबाहेर काहीच दिसत नाही. त्या चार पानांच्या कडेला सावली होती, ती मी मऊ ब्रशच्या खोडरबरने पुसली होती.

प्रतिसाद ३

मग कारण तेच. मऊ खोडरबर पिक्सेल पूर्ण पुसत नाही, २५५ पैकी २-३ एवढी अपारदर्शकता मागे राहते. आपल्याला ती दिसत नाही, पण गिंपच्या लेखी अल्फा अगदी शून्य नसेल तर तो 'कंटेंट'च. फोटोच्या कोपऱ्याजवळ असा एक ठिपका राहिला तरी चौकट तिथेच अडते.

'अल्फा टू सिलेक्शन' करून हे ठिपके शोधायला जाऊ नका, फसाल. सिलेक्शनची चालती तुटक रेघ निम्म्याहून जास्त निवडलेल्या पिक्सेलभोवतीच दिसते, त्यामुळे फिकट ठिपके त्यातून सुटतात.

बरेच जण 'थ्रेशोल्ड अल्फा' सुचवतील. तुमच्या कामासाठी मी ते टाळेन. त्याने प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण राहतो नाहीतर पूर्ण जातो, आणि गोल पानाची कड दातेरी होते. छापल्यावर ते चटकन डोळ्यांत येतं. त्याऐवजी 'कलर्स' मेनूतून 'लेव्हल्स' उघडा, चॅनल 'अल्फा' करा आणि इनपुटची खालची किंमत ० वरून १० करा. १० पर्यंतचं सगळं शून्य होईल, कडेची मऊ उतरण मात्र टिकेल. मग 'क्रॉप टू कंटेंट' द्या.

लेयर मास्क लावला असेल तर आधी 'अप्लाय लेयर मास्क' करा. मास्कने झाकलेले पिक्सेल लेयरमध्ये असतातच, आणि कापताना तेही मोजले जातात.

एक सावधगिरी: ज्या लेयरला पारदर्शक जागाच नाही, त्याच्या कडेला एकच सपाट रंग असेल तर ही आज्ञा तोही कापते. पांढऱ्या कागदावरचं स्कॅन असेल तर समास जाईल.

प्रतिसाद ४

सगळ्या लेयरना एकदम करायचं असेल तर गिंप ३.० घ्या, मार्च २०२५ मध्ये आलं आहे. २.१० मध्ये एका वेळी एकच लेयर निवडता येतो, साखळीच्या खुणेने जोडलेले लेयर एकत्र फक्त हलवता-फिरवता येतात. ३.० मध्ये पहिल्या लेयरवर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक, आणि 'क्रॉप लेयर्स टू कंटेंट'. बाराही एकदम.

३.० च्या अलाइन टूलमध्ये लेयरच्या चौकटीऐवजी आतल्या चित्राची हद्द धरायचा पर्यायही आहे. म्हणजे न कापताही पानं ओळीत येतील, पण फिकट ठिपके तिथेही आधी काढाच. आणि ३.० मध्ये लेव्हल्स वापरताना खालच्या 'मर्ज फिल्टर'वर टिचकी द्या. नाहीतर तो बदल लेयरवर वेगळा टांगून राहतो, मूळ पिक्सेल तसेच राहतात.

प्रतिसाद ५ (धागाकर्ती)

लेव्हल्सने चारही पानं सुटली! ३.० उतरवून घेतलं, कूर्माचा रंग त्यातच केला, बारा लेयर एका आज्ञेत कापले गेले. कासवांच्या कडा छान मऊ राहिल्या आहेत.

आता एकच विचारायचं आहे. पानं हाताने कापलेली असल्यामुळे अगदी एकसारखी गोल नाहीत, काही जरा लंबगोल आहेत. ओळीत ती मध्याने लावू की खालच्या कडेने? छापील तक्त्यावर काय चांगलं दिसतं, याचा अनुभव कुणाला असेल तर जरूर लिहा.