अँबुशमध्ये अडकल्यावर उलट हल्ला? मेजर परमेश्वरन यांच्याबद्दल

सायनकर: काल मुलाला परमवीर चक्रवाल्यांची नावं सांगत होतो तर मेजर रामास्वामी परमेश्वरन यांच्यापाशी अडलो, श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेत होते एवढंच माहीत, नक्की काय झालं होतं? आणि ते मुंबईचे होते हे खरंय का?

रातराणी: हो, जन्म मुंबईचाच, 1946 चा. शिक्षण मुंबईतल्याच एसआयईएस शाळा-कॉलेजात. रेजिमेंट आपली महार, 8 महार म्हणजे तिची आठवी बटालियन.

जुना_फौजी: 25 नोव्हेंबर 1987 ची रात्र. सर्च ऑपरेशन करून परत येत होते आणि एलटीटीईने (श्रीलंकेतली तमिळ बंडखोर संघटना) घात लावलेला, अशा वेळी माणूस आधी जमिनीला चिकटतो हो, पण यांनी डोकं शांत ठेवून मागच्या बाजूने वळसा घातला आणि थेट त्यांच्यावरच चालून गेले. मग हातघाई, त्यात छातीत गोळी लागली तरी समोरच्याचीच रायफल हिसकावून त्यालाच उडवला. शेवटपर्यंत पोरांना ऑर्डर देत होते. पाच अतिरेकी मेले, 3 रायफली आणि 2 रॉकेट लाँचर मिळाले.

सायनकर: बाप रे. अंगावर काटा आला. पण मागून का?

जुना_फौजी: अहो घात लावणाऱ्याच्या बंदुका रस्त्याकडे रोखलेल्या असतात ना, तिथेच थांबलात तर टिपले जाता, पाठीमागून कोणी आलं की त्यांचाच घोळ होतो. सांगायला सोपं, रात्री गोळ्या चालू असताना सुचणं वेगळं.

रातराणी: शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र, तेही मरणोत्तर. 2023 ला अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलंय, मुलाला नकाशात दाखवा.