लाडकी बहीणचे १५०० : तुमच्या घरात त्या पैशांचं काय झालं?

टीव्हीवर या योजनेवरून रोज भांडणं चालू असतात, एक म्हणतो तिजोरी रिकामी केली, दुसरा म्हणतो आम्हीच बहिणींना दिलं, पण जिच्या खात्यात पैसे पडतात तिला कोणी विचारत नाही की बाई गं, तू त्याचं काय केलंस. म्हणून हा धागा काढलाय. पक्ष कुठलाही असू दे, मतं बिनधास्त मांडा, फक्त आधी घरातलं सांगा.

सुरुवात मी करते. आई पिंपरीत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. २०२४ च्या राखीच्या आधी जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० एकदम आले आणि तिने कोणाला न विचारता पायमशीनला मोटर बसवून घेतली. पप्पा म्हणाले विचारायचं तरी, तर म्हणाली, गुडघे माझे दुखतात. इतकी वर्षं शिलाईचे पैसे हातात यायच्या आधीच वाटून झालेले असायचे, दूध, गॅस, आमच्या फिया. हे पहिले पैसे असे होते की काय करायचं ते तिने एकटीने ठरवलं.

बीडवरून

आमच्या घरी ऊसतोड आहे. दसरा झाला की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, मुकादमाकडनं नवऱ्याच्या हातात पडते. माझ्या आईने आयुष्यभर ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढवल्या, पण तिच्या नावाने रुपया कधी कोणी मोजला नव्हता. आता खात्यावर तिचं नाव आहे. पण पैसे काढायचे कसे तेही ऐका, फडापासनं बँक लांब, मग गावातल्या सेवा केंद्रात अंगठ्याच्या मशीनवर काढायचे, आणि कोयता धरून धरून बोटावरच्या रेषाच गेल्यात, मशीन ठसा घेतच नाही. कधी खोबरेल लावून बघ, कधी दुसरं बोट ठेव, नाहीच झालं तर दिवसाची मजुरी बुडवून बँकेत जा. आज्जीला निराधार योजनेचे मिळतात म्हणून तिला यातलं काही नाही, ते ठीकच आहे, दोन ठिकाणचे कसे देतील.

इचलकरंजीहून

बीडच्या ताई, तुमच्या आईचं वाचून गलबलून आलं. मी यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला जाते. आमच्या गल्लीत बहुतेक बायकांवर बचत गटाच्या नावाने घेतलेली फायनान्सची कर्जं आहेत, आठवड्याला हप्ता, एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, वसुलीचा साहेब दारात बसून राहतो. त्यामुळे १५०० आले की सरळ हप्त्यात जातात, हे मी लपवणार नाही. तरी एक फरक पडलाय, हप्त्यासाठी शेजारणीकडे हात पसरायला लागत नाही. पहिल्या वेळेला तर बँकेने मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून त्यातलेच कापून घेतले. सरकारने सांगितलं होतं कापू नका म्हणून, तरी कापले. मॅनेजरसमोर आम्ही चौघी-पाचजणी जाऊन उभ्या राहिलो तेव्हा परत जमा केले. एकटी गेले असते तर केले असते का, मला नाही वाटत.

लातूरकडून

माझं मत वेगळं आहे, कोणी वाईट वाटून घेऊ नका. बायकोला १५०० मिळाले, मला आनंदच आहे, तिने पोरीला सायकलसाठी साठवले. पण २०२४ च्या दिवाळीला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि आम्ही बाजारात ४२०० च्या आसपास विकलं. क्विंटलमागे सहा-सातशे गेले. मला कोणी म्हणालं की १५०० नको पण भाव देतो, तर मी भाव घेईन. आणि एक, वहिनीच्या नावावर जमीन आहे, तिला नमो शेतकरी योजनेचे मिळतात म्हणून इथले ५०० च. बाईच्या नावावर सातबारा करा असं आपणच सांगतो ना लोकांना? मग जमीन नवऱ्याच्या नावावर असलेलीला १५०० आणि स्वतःच्या नावावर असलेलीला ५००, हे मला पटत नाही.

बारामती तालुका, सध्या पुण्यात डिलिव्हरीला

मी थोडं वेगळं सांगतो. २०२४ च्या जुलैतच रिचार्ज महागले होते. ऑगस्टचे पैसे आल्यावर आईने पहिला माझ्या फोनचा रिचार्ज मारला, कारण बिग बॉस चालू होतं आणि आमच्या भागातला सूरज चव्हाण त्यात होता. मोढव्याचा पोरगा, आईबाप लहानपणीच गेले, शाळा जेमतेम, रील करून वर आलेला. घरातले सगळे मिळून ॲपवर वोटिंग करायचो. ६ ऑक्टोबरला तो जिंकला, १४ लाख ६० हजार, आई रडली. पुढे २० नोव्हेंबरला तिने विधानसभेला मत दिलं, कोणाला ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आता बघा, दोन्ही वेळेला शिकलेल्या लोकांनी लिहिलेलं सेमच होतं, की ह्याला काय येतं म्हणून जिंकवला, आणि ह्या बाया पैशाला भुलल्या. मला राग याचा येतो. कंपनीला सवलत दिली की तो विकास, कर्ज माफ झालं की तो निर्णय, आणि माझ्या आईला १५०० दिले की ती विकली गेली? तिला लाइट बिल कळतं, तेलाचा भाव कळतो, कोणी काय बोललं होतं तेही लक्षात राहतं. निवडणुकीत १५०० चे २१०० करतो म्हणाले होते, ते २०२५ च्या बजेटमध्ये आले नाहीत, हे मला तिनेच बातम्या बघून सांगितलं.

अंगणवाडी सेविका

या सगळ्यांचे फॉर्म आम्ही भरले. ॲप दिवसा चालायचं नाही, रात्री जागून भरले, फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झाले होते. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही मानधनासाठी संपावर होतो, आणि पुढच्याच पावसाळ्यात सरकारचं सगळ्यात मोठं काम आमच्याच हातून झालं. बहिणींना मिळालं याचं समाधान आहे, पोरी दारात येऊन सांगतात की मॅडम आले पैसे. पण आम्हालाही पगार म्हणा, मानधन नको, हे मी बोलत राहणार.

परभणीहून

मॅडम, तुम्हालाच विचारते. योजनेच्या ऑनलाइन केवायसीला, म्हणजे ओळख तपासायला, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागतात. वडील वारलेत. नवरा नांदवत नाही, कोर्टात कधी गेलो नाही, त्याचा नंबर पण नाही माझ्याकडे. ओटीपी कोणाचा आणू?

अंगणवाडी सेविका

ताई, विधवा आणि घटस्फोट झालेल्या बायकांची कागदपत्रं आमच्याकडे घ्यायची असं आलंय, मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद. वडिलांचा दाखला आधी काढून ठेवा. तुमच्यासारख्या, कागद नसलेल्या, माझ्या गावातही आहेत, त्यांची नावं मी वेगळी लिहून सुपरवायझर मॅडमना देतेय. तुमच्या सेविकेलाही तसं लेखी द्यायला सांगा आणि पोच घ्या, तोंडी सांगून सोडू नका.