आईसाठी मोठ्या अक्षरातलं पवित्र शास्त्र (बायबल) आणि पुण्यात मराठी उपासना : कृपया सुचवा

नगरची_लेक
सर्वांना सलाम. पप्पांना जाऊन वर्ष होत आलं. नगरचं घर विकायला काढलंय आणि आई दिवाळीनंतर कायमची माझ्याकडे खराडीला येतेय. वय ६६, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गुडघे कुरकुरतात. रात्री दोनला उठते. रडत नाही, कपाटं आवरत बसते. समुपदेशकाचं नाव काढलं की "मला वेड लागलंय का?" म्हणते.

तर, मोठ्या अक्षरातलं मराठी शास्त्र हवंय, बजेट ७०० रुपये. पुण्यात मराठी उपासना कुठे होते? आमच्या बाजूला सगळं इंग्रजी आणि ड्रम. आणि अशा दिवसांत नेमकं काय वाचावं?

डिजिटल_दाविद
ताई, पुस्तकाच्या फंदात पडूच नका. दहा इंची टॅबलेट घ्या, चौदा-पंधरा हजारांत चांगला मिळतो. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, वाचूनही दाखवतो. मी माझ्या सासूबाईंना घेतला, दिवसभर खूष असतात.

नगरची_लेक
दादा, ७०० म्हटलं होतं.

वसईकर
आम्ही कॅथलिक, पण सांगतो. आजोबा गेले तेव्हा आळीतल्या बायका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर माळ (रोझरी) म्हणायला यायच्या. आजीला वाचता येत नव्हतं. मणी मोजता मोजता तिथेच पेंगायची, कुणीतरी शाल टाकायचं. माळेला चष्मा लागत नाही, खर्चही नाही.

जुना_सभासद
त्या नगरच्या, म्हणजे बहुतेक मिशनवाल्या, प्रोटेस्टंट. त्यांना माळ कशाला सांगताय?

वसईकर
माळेत प्रभूची प्रार्थनाही असते, साहेब. बाकी वाद वेगळा धागा काढून घाला.

पेठेतला_पीटर
मराठी उपासना म्हणजे पंचहौद! गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, १८८५ सालचं चर्च. घंटांचा मनोरा लांबूनच दिसतो. वेळ आधी फोन करून विचारून घ्या. आमचं लग्न तिथलंच.

इतिहासप्रेमी
ज्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली लोकमान्य टिळक, रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला आणि पुण्यात प्रायश्चित्ताचं रामायण घडलं, तेच ना हे?

पेठेतला_पीटर
तेच. चहा अजूनही देतो आम्ही, प्रायश्चित्त लागत नाही.

जुना_सभासद
खराडीहून गुरुवार पेठ, गुडघेदुखीच्या बाईला? जायचं-यायचं रिक्षाभाडं धरा, दोन रविवारांत ७०० संपतील.

केडगाववाली
एक रविवार काढून केडगावला मुक्ती मिशनला घेऊन जा. पंडिता रमाबाईंनी काय सोसलं ते आईंना सांगा. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १९२१ मध्ये ती मनोरमाही गेली, पुढच्या वर्षी बाई स्वतः. शेवटपर्यंत शास्त्राच्या भाषांतराचं काम चालू होतं, ते छापून आलं १९२४ ला.

नगरची_लेक
केडगाव तर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे!

केडगाववाली
ते नगरचं केडगाव. हे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लोहमार्गावरचं.

जुना_सभासद
आधीच दुःखी बाईला लेक गेल्याची गोष्ट सांगायची? धन्य आहे. त्यापेक्षा लक्ष्मीबाई टिळक सांगा. त्यांचा नवरा, कवी ना. वा. टिळक, १९१९ ला गेले, नंतर बाई लेकाच्या संसाराबरोबर थेट कराचीला गेल्या. नवऱ्याचं ख्रिस्तावरचं अपुरं काव्य, ख्रिस्तायन, बाईंनी पुढे नेलं. खराडी काय, कराचीपेक्षा जवळच आहे.

डिजिटल_दाविद
दोघींचीही पुस्तकं टॅबलेटवर वाचता येतील.

मावशी_मिरजकर
मी स्वतः या वाटेनं गेलेय, म्हणून लिहिते. ज्याच्या त्याच्या तोंडी स्तोत्र २३. मला ते पहिलं वर्षभर ऐकवत नव्हतं, मातीच्या वेळीही तेच म्हटलेलं. ७१ वाचायला द्या, म्हातारपणी मला टाकू नकोस म्हणणारं. ८८ तर अंधारातच संपतं, मला त्याचाच आधार वाटला, कारण त्यात उगाच कुणी समजूत घालत नाही. आणि रूथच्या पुस्तकात नामी गावात परत येऊन सगळ्या बायकांसमोर सांगते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मी कडू झालेय. देवावर असं चिडलेलं चालतं, हे आईला कुणीतरी सांगायला हवं. तुमचे पाळक (पास्टर) सांगणार नाहीत.

मोठ्या अक्षरातलं बायबल सोसायटीच्या दुकानात जाऊन हातात धरून बघा. जाड असतं, मांडीवर पेलत नाही. खाली उशी लागते.

वाघोलीचा_विल्सन
चर्चच्या सभासदत्वाचं काय करताय? आम्ही नगरच्या चर्चचं पत्र आणून इथल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) नाव घातलं. सहा महिने कमिटी झोपली होती. प्रभुभोजनाला मागच्या बाकावर पाहुण्यासारखे बसायचो.

नगरची_लेक
खरं तर तिथेच घोडं अडलंय. पप्पांशेजारची जागा आईला हवीय. इकडे नाव आणलं तर तिकडच्या दफनभूमीतला हक्क जाईल असं तिला कुणीतरी सांगितलंय. तेव्हापासून झोप उडालीय, हे मला परवा कळलं.

मावशी_मिरजकर
अगं, मग हे आधी लिहायचंस ना! नाव हलवू नकोस. मंडळीगणिक नियम वेगळे असतात, म्हणून पाळकांना आणि सेक्रेटरींना समोर बसून विचार, जमलं तर लेखी घे. वर्गणी नगरलाच भरत राहा, पावत्या जपून ठेव. पुण्यात कुठेही पाहुणी म्हणून बसता येतं, त्याला पत्र लागत नाही.

पेठेतला_पीटर
अगदी हेच लिहिणार होतो. वर्गणी चालू ठेवा. आणि पंचहौदला या.

नगरची_लेक
सगळ्यांचे आभार. पाळकांशी बोलणं झालं, नाव तिथेच राहील, पुढच्या कमिटीत लेखी देतो म्हणालेत. आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिनं तुमचं एकही ऐकलं नाही. नवं शास्त्र नको म्हणाली, कारण जुन्यात कुठलं वचन डाव्या पानाच्या तळाशी आहे, कुठे पप्पांची लाल पेन्सिल आहे, हे तिला हातानं सापडतं. दीडशे रुपयांचं भिंग आणलं. पंचहौदही नको. महिन्यातून एकदा एसटीनं नगरला, मामीकडे मुक्काम, आपल्याच मंडळीत प्रभुभोजन, मग दफनभूमीत फेरी. बायकांना अर्धं तिकीट आहे, मग तुझं काय जातंय, असं मलाच ऐकवलं. फक्त मावशी, ८८ तिनं परत एकदा वाचायला लावलं.

वाघोलीचा_विल्सन
शनिवारी दुपारच्या आतच बसवा त्यांना. संध्याकाळी वाघोलीच्या कोंडीतच दोन तास जातात.

डिजिटल_दाविद
एवढ्या प्रवासात टॅबलेट खरंच बरा पडेल.