आई-बाबांना घराजवळच्या इटालियनमध्ये न्यायचंय, शिवराक (शाकाहारी) आईसाठी काय मागवू?

पर्वरीचो_झील
नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या गल्लीत एका जुन्या पोर्तुगीज घरात इटालियन रेस्टॉरंट सुरू झालंय, आठ-दहा टेबलं असतील, बाजूच्या शेडमध्ये लाकडाची भट्टी आहे आणि संध्याकाळी तिचा वास थेट आमच्या बाल्कनीत येतो. पुढच्या आठवड्यात आई-बाबा डिचोलीहून येतायत, लग्नाचा वाढदिवस आहे त्यांचा, तर तिथे नेऊया असं बायकोचं म्हणणं. श्रावण लागला की बाबांचं नुस्तं (मासे) बंद, म्हणून आत्ताच काय ते. अडचण अशी की आई पक्की शिवराक आहे, अंडंसुद्धा चालत नाही, केक पण एगलेस आणावा लागतो. आणि बाबांच्या पोटात शीत (भात) गेल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटतच नाही. मेन्यू बाहेर लावलाय तो उभा राहून वाचला, अर्धी नावं डोक्यावरून गेली. काही नावांपुढे हिरवा ठिपका आहे पण तेवढ्यावर भरवसा ठेवावा का? चौघांना किती मागवावं, बिल साधारण कितीपर्यंत जाईल तेही सांगा. किनाऱ्यावरची मोठी नावं सुचवू नका प्लीज, बाबांचे गुडघे दुखतात, हेच चालत जाण्यासारखं आहे.

म्हापसेकर
किनाऱ्यावरची अर्धीअधिक तशीही पावसात बंद असतात, ऑक्टोबरशिवाय उघडत नाहीत. टेबल आतलं सांगून ठेव, अंगणातलं नको.

किचनवाली_बाय
मी इटालियन किचनमध्ये काम करते म्हणून जरा लांबण लावते, चालवून घ्या. हिरवा ठिपका म्हणजे मांस-मासळी-अंडं नाही एवढं बहुतेक ठिकाणी खरं असतं, पण खरी गडबड चीजमध्ये होते. इटलीहून येणारं खरं पार्मिजानो रेजानो (आपण पार्मेझान म्हणतो ते) वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, घालूनच करतात, त्यांच्या नियमातच ते आहे, त्यामुळे ते शाकाहारी असूच शकत नाही. आपल्याकडे बनणाऱ्या चीजमध्ये बहुतेक मायक्रोबियल रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. लहान जागांमध्ये खर्चामुळे बऱ्याचदा देशीच वापरतात पण ते गृहीत धरू नका. वेटरला "चीज व्हेज आहे ना" असं विचारलं की तो हो म्हणणारच, बिचाऱ्याला माहीतच नसतं, त्यापेक्षा "वरून किसून घालता त्याचं पाकीट दाखवा" म्हणा. आठ-दहा टेबलांच्या जागेत कोणी नाही म्हणत नाही, शेफ स्वतः घेऊन येतो कधीकधी. पेस्टोत (बेसिलच्या हिरव्या चटणीत) पण हेच चीज असतं, नुसता हिरवा रंग बघून फसू नका.

दुसरं पास्ताचं. पाकिटातला सुका पास्ता म्हणजे ड्यूरम गव्हाचा रवा आणि पाणी, बस. पण "आम्ही फ्रेश पास्ता करतो" असं कौतुकाने सांगतात ना, तालियातेल्ले वगैरे, त्यात पीठ बहुतेक अंड्यात मळलेलं असतं. राव्हिओली, लझान्या तसंच. न्योक्की बटाट्याची असते म्हणून लोक बिनधास्त मागवतात, त्यातही पुष्कळ जण अंडं घालतात. आईंसाठी सरळ सुक्या स्पॅगेटीचं आग्लिओ ओलिओ सांगा, लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची, पार्सली, मुळात त्यात चीज लागतच नाही. टोमॅटोची अराबियाता पण चालेल, तिखट असते, आपल्या तोंडाला बरी लागते. पुत्तानेस्का मात्र नको, त्यात अँचोव्ही म्हणजे खारवलेली बारीक मासळी असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्येही तीच.

आणि सूप किंवा रिझोत्तो (इटालियन पद्धतीचा भात) मागवलात तर स्टॉक कसला ते विचारा, कारण भाज्या दिसतात पण खाली चिकनचा स्टॉक असू शकतो. गोडात तिरामिसूत कच्चं अंडं असतं, वर दारूही असते बऱ्याच ठिकाणी, पन्ना कोत्तात जिलेटिन, तेही प्राण्यांचं. आईंना फळाचं सोर्बे द्या, त्यात दूधही नसतं.

पर्वरीचो_झील
बापरे, एवढं कोणाला माहीत असतं! थँक्यू बाय. मग पिझ्झा चालेल ना आईला?

किचनवाली_बाय
पिझ्झ्याच्या बेसमध्ये पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच, त्यामुळे बेसची काळजी नको. मार्गेरिटावर मोझरेला असतं, वरून कधी पार्मेझान भुरभुरतात तेवढं "घालू नका" सांगा, आणि मोझरेलाचंही पाकीट बघून घ्या. मारिनारा म्हणून एक असतो, नाव समुद्राचं पण मासळी नाही आणि चीजही नाही, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. शिवराक माणसाला याहून निर्धास्त काही नाही.

सांतआंद्रेचो
लाकडाची भट्टी आहे म्हणतोस तर एक गोष्ट घरच्यांना आधी सांगून ठेव. नापोलीच्या पद्धतीचा पिझ्झा साडेचारशे डिग्रीच्या आसपास जेमतेम मिनिट-दीड मिनिट भाजतात, कड फुगते, तिच्यावर काळे फोड येतात आणि मधला भाग ओला, लिबलिबीतच राहतो. आमच्या मावशीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा "कच्चो आसा, वर करपलाय, आत पीठ" म्हणून परत पाठवायला निघाली होती. कड तेवढी तोडून खाऊन बघा म्हटल्यावर गप्प झाली, पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीतून नुकत्या निघालेल्या उंड्यासारखीच (गोल पावासारखीच) लागते. ही कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली, उगाच नाही. पण तो टेबलावर आल्या आल्या खायचा, फोटो काढत बसलात तर पाच मिनिटांत चामडं होतं, आणि उरलेला पार्सल करून सकाळी खाऊ हा विचार तर सोडूनच द्या. म्हणून एकदम सगळे मागवू नका, एक संपत आला की दुसरा सांगा.

पास्ताचंही तसंच, दाताला किंचित लागेल असाच देतात. आईंना मऊ हवा असेल तर ऑर्डर देतानाच "जरा जास्त शिजवा" म्हणायचं, लाजायचं काय त्यात, खाणार त्या आहेत.

नुस्तेंखाऊ
बाबांसाठी मी सांगतो. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरबंदी आहे, छोट्या होड्यांचं थोडंफार येतं तेवढंच. त्यामुळे मेन्यूवर "कॅच ऑफ द डे" लिहिलेलं असेल तर तो डे कुठला ते विचारा. माणकी (स्क्विड) आणि सुंगटं (कोळंबी) फ्रीजरमधली असणार, सुंगटं एकवेळ चालतात, माणकी मात्र जरा जास्त वेळ तव्यावर राहिली की रबर. तिसऱ्यो मिळाल्या तर स्पॅगेटी व्होंगोले सांगा, लसणात आणि व्हाइट वाईनमध्ये उघडलेल्या शिंपल्या असतात, रस्सा पातळ असतो, ब्रेड मागून तो पुसून खायचा. बाबा खूष होतील. आणि मासळीच्या पास्तावर चीज मागू नका, इटालियन माणसं त्यावर चीज घालत नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे, तिसऱ्यांची चवच मरते. सोलकढी मिळणार नाही, तेवढं घरून पिऊन निघा.

फोंड्याचे_काका
मैद्याच्या पोळीवर टोमॅटो लावून सहाशे रुपये. एवढ्यात अख्ख्या घराचं खतखतें (मिश्र भाज्यांचं) होईल, शीत-कढीसकट. असो, मुलांची हौस.

बिलाचं मात्र नीट ऐक. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, मोठ्या तारांकित हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर १८. वाईन-बिअरवर जीएसटी नसतो, ती वेगळी लावतात. आणि खाली "सर्व्हिस चार्ज १० टक्के" असं काही दिसलं तर तो सरकारी टॅक्स नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात टाकायचा नाही, रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले होते पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. काढा म्हणायचं, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, फोन. वाढणाऱ्या पोराने नीट वाढलं असेल तर टीप हातात द्या, मी देतो. पाणीही बसल्या बसल्या "साधं फिल्टरचं" म्हणून सांग, नाहीतर काचेची बाटली फोडतात आणि मग आपण हिशेब करत बसतो.

पर्वरीचो_झील
काका, हौस आईचीच आहे, टीव्हीवर बघून बघून :) ठरलं असं: आईला मारिनारा, एक मार्गेरिटा सगळ्यांत, एक आग्लिओ ओलिओ, बाबांना व्होंगोले मिळालं तर ते. पण शीत? रिझोत्तो सांगू का त्यांना?

किचनवाली_बाय
सांगा, पण आधी कल्पना द्या. आर्बोरिओ तांदूळ जाड असतो, स्टॉक थोडा थोडा घालत ढवळतात, ताटात पसरेल एवढा सैल असतो आणि दाणा आत किंचित टणक. शीत म्हणून बघितलं तर बाबा नाराज होणार, पेज म्हणून बघितलं तर अजूनच. ताजा करायला वीसेक मिनिटं लागतात, पाच मिनिटांत आला तर अर्धा आधीच शिजवून ठेवलेला होता समजा. एकच मागवा, आई सोडून सगळ्यांनी चव घ्या. चौघांना तुमची यादी अधिक हा रिझोत्तो भरपूर झाला, दारू नसेल तर तीन हजारांच्या आसपास बसेल असं वाटतं, मेन्यूवरून बेरीज करून बघा.

डिचोलीची_सून
एक विचारू? आषाढी एकादशी झाली ना, तुमच्या आई चातुर्मास पाळतात का? आमच्याकडे कांदा-लसूण बंद होतं, मग मारिनारा पण गेला आणि ते आग्लिओ की काय ते पण.

पर्वरीचो_झील
अरे हो! आत्ता फोन करून विचारलं. लसूण चालतो म्हणे, वांगं सोडलंय. मेन्यूवर वांग्याचं पार्मिजाना आहे ते मी मनात धरलं होतं, ते कॅन्सल.

किचनवाली_बाय
बरंच झालं, त्यात पार्मेझान असतंच.