मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास : अंतर तेवढेच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न :
माझे आईबाबा जानेवारीत प्रथमच मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला येणार आहेत. दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर चौदा तासही लागू नयेत. वेळापत्रकात मात्र येताना जवळजवळ सोळा तास आणि परतताना साधारण चौदा तास दाखवले आहेत. आईला मधुमेह असल्याने जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा आखायच्या आहेत. कोणता आकडा धरावा?

प्रतिसाद १ :
वेळापत्रकातलाच धरावा. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजलेला असतो.

१२,५०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर आहे. गोलावर दोरा ताणून पाहिलात, तर तो मुंबईहून वायव्येला सिंध, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर आणि नॉर्वेवरून आइसलंडपर्यंत चढतो व ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे उतरतो. सपाट नकाशावर हाच मार्ग विनाकारण वळसा घेतल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात विमानाला हा दोरा क्वचितच पाळता येतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळून जावे लागले. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरूनही उडता येत नाही. त्यामुळे कंपनी कोणती, यावरही मार्ग बदलतो.

प्रतिसाद २ :
वरील माहिती योग्य आहे, पण जाण्यायेण्यातील फरकाचे मुख्य कारण वारा हे आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. ताशी ९०० किलोमीटर हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग असतो; समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने ८०० उरतात आणि तोच वारा पाठीशी असेल तर १,००० होतात. वाऱ्याचा हा लाभ किती मोठा असू शकतो, ते एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले तेव्हा दिसले : मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला, तरी वेळ कमी लागला. म्हणून केवळ अंतराला वेगाने भागून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. तिकिटावरच्या वेळा वजा केल्या, तर येताना जेमतेम साडेपाच तास येतात. आईला हे कसे समजावावे?

प्रतिसाद ३ :
तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. जानेवारीत न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते (मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ तास). पहाटे दोनला निघून सोळा तासांनी पोहोचल्यास मुंबईत संध्याकाळचे सहा, तर न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. आईंना उतरेपर्यंत घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायला सांगा. इन्सुलिन असेल, तर दोन मात्रांमध्ये किती तासांचे अंतर हवे आणि उतरल्यावर नव्या वेळेवर कसे यायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. औषधे मात्र हातातल्या सामानातच असू द्यात.